डोळे धुण्याची वेळ

माणिक सलग बघत राहिलं की डोळे खोटं बोलायला लागतात. हे वाक्य माझं नाही. कारखान्यात रुजू झाले त्याच आठवड्यात तिथे खडे निवडणाऱ्या कमलाजीजीनं ते मला सुनावलं होतं, तेही मी भर हॉलमध्ये "या सगळ्या बायका भिंतीकडे तोंड करून का उभ्या आहेत?" असं विचारल्यावर. नव्या माणसानं पहिल्या आठवड्यात प्रश्न कमी विचारावेत, हे मी तेव्हा शिकले.

जयपूर म्हटलं की लोकांना महाल आठवतात, हत्ती आठवतात. मी नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे भुसावळहून इथे आले, आणि माझं जयपूर म्हणजे सीतापुरा, कारखान्यांची वसाहत. इथे महाल नाहीत. सकाळी कंपन्यांच्या बसेस आणि स्कूटरींची झुंबड उडते, संध्याकाळी तीच झुंबड उलट दिशेनं. आमचा कारखाना रंगीत खड्यांचा. बाहेरून आलेला कच्चा माल आमच्याकडे कापला जाई, घासला जाई, आणि शेवटी त्याची छँटाई होई. छँटाई म्हणजे रंगाप्रमाणे निवड. शंभर माणकं दिसायला सारखीच लाल, पण त्यातली कुठली एका हारात शेजारी बसतील आणि कुठली बसणार नाहीत, हे ठरवायचं. या कामाला यंत्र नाही. उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, पांढऱ्या कापडाची लांब टेबलं, हातात चिमटा आणि माणसाचे डोळे.

आता गोम अशी की लाल रंग डोळ्यांत साचतो. तासभर माणकं पाहिली की रसरशीत खडासुद्धा फिका वाटायला लागतो आणि हलक्या मालात जातो. मान वर केली तर समोरची पांढरी भिंत हिरवट दिसते. म्हणून छँटाईवाल्या मधूनमधून उठायच्या, टेबलाकडे पाठ करायच्या आणि भिंत पुन्हा पांढरी दिसेपर्यंत गप्प उभ्या राहायच्या. याला त्या 'आँख धोना' म्हणत. पाण्याचा थेंबही न वापरता डोळे धुणं. अकराला एकदा घंटा व्हायची, दुपारी पुन्हा. परक्या माणसाला वाटे, शाळेत शिक्षा झालीय सगळ्यांना.

माझी नोकरी कल्याण अधिकाऱ्याची. मोठ्या कारखान्यात असा एक अधिकारी ठेवावा लागतो, असं कायदा सांगतो. पगार मालक देणार आणि कल्याण कामगारांचं करायचं. त्यामुळे मालकाला मी युनियनची वाटे आणि युनियनला मालकाची. मुलगी लहान होती तेव्हा तिनं एकदा मला विचारलं होतं, "आई, मतलब, तू नक्की कोणाकडून आहेस?" मी म्हटलं, कँटीनकडून. ते बऱ्यापैकी खरंही होतं. माझी निम्मी हयात कँटीनच्या डाळीत गेली. डाळ पातळ आहे, डाळ कालची आहे, डाळीत मीठ मालकाच्या मनाएवढंच आहे. एका हिवाळ्यात बाजरीच्या रोटीवरून कटाई विभागानं दोन दिवस जेवण टाकलं होतं. कंत्राटदार गव्हावर अडून बसला, कामगार बाजरीवर. शेवटी मी घरून माझी परात नेली आणि कंत्राटदाराच्या आचाऱ्याला बाजरी मळून दाखवली. खान्देशातल्या बाईनं राजस्थानी माणसाला भाकरी शिकवली म्हणून बराच काळ माझी थट्टा चालली, पण तंटा मिटला. मोठ्या तंट्यांपुढे मात्र परात चालत नाही.

मोठा तंटा अलीकडचा. परदेशातली मागणी घसरली होती. हे मालकाचं रडगाणं नव्हतं, तयार मालाच्या पेट्या मी स्वतः गोदामात पडून राहिलेल्या बघितल्या होत्या. आमचे सेठजी मुळात बोलके. त्या दिवसांत माझ्या केबिनवरून जाताना नमस्कार करायलाही विसरत. त्यांनी गुरुग्रामहून एक नवे व्यवस्थापक आणले, मेहरा साहेब. तरुण, हुशार, घरी तान्हं बाळ, डोळ्यांखाली झोपेचं कर्ज. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांच्यावर चिडणार आहात.

मेहरांनी फळ्यावर नोटीस लावली. महिन्याचा पगार बंद, यापुढे जितके खडे तितके दाम. बस्सी गावाहून कामगारांना आणणारी कंपनीची बस बंद. आणि अकराची व दुपारची 'निष्क्रिय उभे राहण्याची' सूट बंद. मी त्यांना जाऊन समजावलं की ती सूट नव्हे, कामच आहे. ते सभ्यपणे ऐकत होते. म्हणाले, "मैडम, हर डिपार्टमेंट अपने ब्रेक को काम ही कहता है." कटाईवाले तर विडीलासुद्धा काम म्हणत.

कमलाजीजीविषयी सांगायला हवं. बस्सीची. चाळीतल्या नळावर जिचा नंबर कोणी मोडत नाही अशी बाई. भांडखोर, नटवी, तोंडानं फटकळ. माझ्या कँटीनची सर्वांत मोठी शत्रू. पोरवयात ती सेठजींच्या जुन्या शहरातल्या घराच्या गच्चीवर छँटाई शिकली, सेठजींच्या आईच्या, माजींच्या, हाताखाली. हे ती दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवायचीच. युनियनच्या सभेला मात्र ती कधी जात नसे. तिथे दुसरेच बोलतात आणि आपल्याला ऐकावं लागतं, ही तिची तक्रार.

नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी अकराला घंटा झाली नाही. हॉलमध्ये सगळ्या एकमेकींकडे बघत बसून राहिल्या. कमलाजीजी उठली, टेबलाकडे पाठ केली आणि भिंतीसमोर उभी राहिली. मेहरा काचेतून बघत होते. ते आत आले आणि नेमके तिच्या आणि भिंतीच्या मध्ये उभे राहिले.

"आप बैठ जाइए."

"बैठ जाऊँगी. पहले आप सामने से हटो सा'ब, आप हरे दिख रहे हो."

यात खोटं काहीच नव्हतं. सकाळपासून माणकं बघितलेल्या बाईला गोरापान माणूस हिरवट दिसणारच. पण हॉल हसला. नुसता हसला नाही, आदल्या दिवसापासूनचं सगळं दाबलेलं त्या हसण्यातून बाहेर पडलं. मेहरांचे कान लाल झाले. कमलाजीजीला ते कसे दिसले असतील कोण जाणे.

संध्याकाळी तिला निलंबनाचं पत्र मिळालं. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या रंगावरून अवमानकारक टिप्पणी, असा आरोप. माझ्या नोकरीत मी चित्रविचित्र आरोप वाचले आहेत, पण हा वाचून मला आधी हसूच आवरेना. असल्या आरोपातून पुढे काय होतं ते मला माहीत होतं. चौकशी, ठपका, आणि नोकरीवरून कमी. कमलाजीजी घरी जाणार ती 'निकाली हुई' म्हणून. बस्सीत जन्मभर मान वर करून वावरलेली बाई. मी पुन्हा मेहरांकडे गेले, डोळ्यांचं सगळं शास्त्र सांगितलं. ते म्हणाले, "हो सकता है मैडम. लेकिन पूरा हॉल हँसा था." तेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळा कारखाना बाहेर बसला. युनियनचे अध्यक्ष कन्हैयालालजी कटाईतले जुने कारागीर, मोजकं बोलणारे. त्यांनी गेटवर मागण्या वाचल्या: पगार, बस, डोळे धुण्याची वेळ, आणि कमला परत कामावर. शेवटच्या मागणीवर ते म्हणाले, "ये आखिरी वाली पहले."

पौषातली थंडी होती. गेटसमोर तंबू पडला, सतरंज्या आल्या, दुपारी ऊन खात शेंगा सोलणं चाललेलं असे. मधूनच कोणी उठे आणि 'मुर्दाबाद' घुमे, पुन्हा शेंगा. मला आत जायला कोणी अडवत नव्हतं. अडवलं असतं तर बरं वाटलं असतं, असं कधीकधी मनात येई. कमलाजीजी तंबूच्या कोपऱ्यात चहाला नावं ठेवत बसलेली असायची. मला बघितलं की हाक मारायची, "आओ मैडमजी, धूप खा लो, अंदर तो ठंड है." मी खायची. वरच्या खिडकीतून मेहरा बघतात हे माहीत असूनही खायची.

संप रंगात आला होता. परदेशी व्यापाऱ्याचा माल द्यायची तारीख जवळ आली होती आणि छँटाई अडकली होती. सेठजींनी एका सकाळी कन्हैयालालजींना निरोपही धाडला, बोलणी करायला बसू या म्हणून. आणि त्याच सकाळी सेठजींच्या आई, माजी, गेल्या.

जयपुरात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी 'तीये की बैठक' असते. पेपरात फोटो आणि वेळ छापून येते. ठरलेल्या वेळी लोक पांढरे कपडे घालून जातात, चादरींवर थोडा वेळ गप्प बसतात, आणि घरच्यांसमोरून हात जोडून निघून जातात. तिथे कोणी कामाचं बोलत नाही. जो वैरी असेल त्यानंही जायचं असतं, उलट त्यानं तर जायचंच.

तंबूत थोडी कुजबुज झाली. ज्याच्या दारात बसलोय त्याच्या घरी जायचं? कमलाजीजी उठली आणि म्हणाली, "झंडे यहीं धर दो." एवढंच. तिसऱ्या दिवशी दुपारी ते सगळे टेंपोंमधून निघाले, आणि माझा फोन वाजला. मेहरा.

"मैडम, दो सौ लोग सेठजी की तरफ गए हैं! घेराव है. मैंने पुलिस को बोल दिया है."

"घेराव नाही, बैठकीला चाललेत," मी गडबडीत मराठीतच बोलून गेले, मग हिंदीत समजावलं. त्यांचा विश्वास बसेना. संपावरचे कामगार मालकाच्या दुःखाला कसे जातील? त्यांचंही चूक नव्हतं. त्यांच्या पुस्तकात हे प्रकरण नव्हतं.

मी पोचले तेव्हा पोलिसांची जीप दाराशी उभी होती. इन्स्पेक्टर जयपूरचाच. त्यानं आत एक नजर टाकली, टोपी काढून शिपायाकडे दिली आणि कामगारांच्या शेजारी चादरीवर मांडी घालून बसला. मेहरा दाराशी उभेच होते. मी त्यांना म्हटलं, "बैठ जाइए." तेही बसले. बायकांच्या बाजूला कमलाजीजी माजींच्या फोटोपुढे हुंदके देऊन रडत होती. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. निघताना सगळे सेठजींपुढून हात जोडून गेले, सेठजींनीही प्रत्येकाला हात जोडले. कमलाजीजी समोर आली तेव्हा त्यांची नजर खाली गेली.

माझ्या मनात आलं, मिटलं आता. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. पण झालं भलतंच.

बाराव्याला घरात मुलाला पगडी बांधायचा विधी होईपर्यंत सुतक. तोवर तंबूतून एकही घोषणा द्यायची नाही, असं कन्हैयालालजींनी ठरवून टाकलं. कोणाशी चर्चा नाही, कोणाला कळवणं नाही. लाउडस्पीकर परत गेला, झेंडे गुंडाळले गेले. माणसं रोज यायची, बसायची, संध्याकाळी उठून जायची. वरच्या खिडकीतून हे असं दिसलं की संपाची हवा गेली. आणि मेहरांनी, कुठल्याही हुशार व्यवस्थापकानं केलं असतं तेच केलं. सेठजी घरात बसलेले, निर्णय यांच्या हातात. अडकलेला माल पुड्या बांधून जुन्या शहरातल्या घरोघरच्या छँटाईवाल्यांकडे पाठवला. पुड्या घेऊन गाडी तंबूसमोरूनच गेली. कोणी हात आडवा केला नाही.

मला राहवलं नाही. मी कन्हैयालालजींना एका बाजूला घेतलं. "तुमचं सगळं बळ त्या गाडीतून चाललंय, कळतंय ना तुम्हाला?"

"दिखे है, मैडमजी," ते म्हणाले. "पण जिस घर से अभी अर्थी उठी है, उसके आगे खड़े होकर मुर्दाबाद कैसे बोलें? जीभ कोनी चाले." जीभच चालत नाही.

मी चिडले. भयंकर चिडले. युनियनचा कायदा, संपाचे डावपेच यांत सुतकाला कुठेच जागा नाही, असं त्यांना सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला शेंगा दिल्या. आज लिहितानाही माझा राग गेलेला नाही, आणि त्या माणसाबद्दलचा आदरही. दोन्ही एकत्र नांदतात.

पगडी झाल्यावर कामगार खात्याच्या कचेरीत बैठक लागली. सेठजी आले, मुंडण केलेलं डोकं, एकदम म्हातारे दिसत होते. माल वेळेवर रवाना झाला होता, म्हणजे आता घाई फक्त कामगारांना होती. तरी सेठजींनी सगळ्यांत आधी विचारलं, "बीच में आप लोग चुप क्यों हो गए थे? मुझे तो बताया गया, हड़ताल टूट गई."

"घर में सूतक था, सेठजी," कन्हैयालालजी म्हणाले. त्यांनी 'आपके घर में' म्हटलं नाही.

सेठजींनी समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सारला. मग म्हणाले, पगार महिन्याचाच राहील. बस राहील. पगारवाढ या वर्षी मिळणार नाही, तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत. डोळे धुण्याची वेळ राहील, पण निम्मी. मेहरांचा चेहरा उतरला. बाहेरून आणलेल्या व्यवस्थापकाची एकही गोष्ट राहू नये, हे सेठजींनाही परवडणारं नव्हतं. म्हणून कमलाजीजीचं असं ठरलं, की तिनं या खोलीत माफी मागावी आणि उद्या कामावर यावं. नाही मागितली तर करार नाही. खात्याच्या समेट अधिकाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला.

कचेरीच्या आवारात लिंबाखाली सगळे जाऊन बसले. मीही जरा अंतर ठेवून बसले. कमलाजीजी मध्ये. कोणीही तिच्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या घरचे पगार तिच्या एका वाक्यावर टांगलेले, आणि एकही जण तोंडातून 'माग' म्हणून शब्द काढेना.

शेवटी तीच भडकली. "बोलते क्यूँ नहीं? सब के मुँह में दही जमा है?"

"म्हे कोनी बोलां," कन्हैयालालजी म्हणाले. आम्ही नाही सांगणार. "तू मना कर दे. हम और बैठ लेंगे."

ती आता शिव्या देईल असं मला वाटलं. तिनं पदर नीट केला, उठली आणि एकटीच जिना चढून गेली. मी मागोमाग धावले. खोलीत जाऊन तिनं मेहरांपुढे हात जोडले. "सा'ब, भरे हॉल में बोली. गलत बोली. माफ करो." मेहरा खुर्चीतून अर्धवट उठले, "अरे, ठीक है, ठीक है" म्हणाले, त्यांना कुठे बघावं कळेना. सेठजींनी मान वर केली नाही. खाली थांबलेल्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सह्या झाल्या आणि सगळे मुकाट्यानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कमलाजीजी आपल्या जागेवर बसली होती. अकराला घंटा झाली. सगळ्या उठल्या, भिंतीकडे वळल्या. नव्या नियमाप्रमाणे परत बसायची घंटा लवकर झाली तशा बाकीच्या बसल्या. ती बसली नाही. पूर्वीइतका पूर्ण वेळ उभी राहिली. मेहरा काचेपलीकडे होते. त्यांनी बघितलं आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या केबिनमध्ये आली. "मैडमजी, मेरा हिसाब कर दो. मैं छोड़ रही हूँ."

माझा स्वतःवर ताबा राहिला नाही. "अहो, तुमच्यासाठी लोक उन्हाथंडीत बसले! तुम्हाला परत आणायला बसले!" मराठीत, अगदी मोठ्यानं. तिला बहुतेक सगळं समजलं.

"मेरे लिए बैठे, तभी तो हाथ जोड़ आई," ती म्हणाली. "पर जिसके आगे हाथ जोड़े, रोज उसी के नीचे बैठूँ, वो मुझसे नहीं होगा. निकाली हुई नहीं जाना था मुझे. अब अपने से जा रही हूँ."

मी कन्हैयालालजींना बोलावून घेतलं, म्हटलं हेच समजावतील. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला. "उसकी मरजी है. बैठे या उठे," ते म्हणाले. "इतना ही तो माँगा था हमने." आणि मशीनवर परत गेले. मी दार लावून घेतलं आणि रडले. कोणासाठी, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

खड्यांच्या कारखान्यातून बाहेर पडताना प्रत्येकाची झडती होते. सेठजींपासून सफाईवाल्यापर्यंत. तिळाएवढा खडा अंबाड्यात जातो, चपलेत जातो, डब्यातल्या लोणच्यातही जातो, म्हणून सगळं तपासतात. बायकांसाठी गेटजवळ पडदा लावलेला असतो आणि तिथे एक सुरक्षा रक्षक बाई असते. त्या दुपारी कमलाजीजी डबा घेऊन माझ्याबरोबर गेटपाशी आली तेव्हा त्या बाईनं हात जोडले आणि पडद्याकडे न नेता सरळ रस्ता मोकळा केला.

कमलाजीजी थांबली. पडद्याआड नाहीच गेली. तिथेच, सगळ्यांसमोर, तिनं डबा उघडून रक्षक बाईच्या हातात दिला. चपला काढल्या. मग अंबाडा सोडला. तिचे केस इतके पांढरे झाले असतील याची मला कल्पना नव्हती.

"तलाशी ले," ती त्या रडवेल्या बाईला म्हणाली. "पूरी ले. आज तो ढंग से ले."